दुसऱ्या गिअरची कडी

सिसिलीच्या उत्तरेला मादोनिए नावाचे डोंगर आहेत. १९७३ च्या मे महिन्यात तिथल्या गावांमधून, दगडी भिंतींना खेटून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर टार्गा फ्लोरिओची शर्यत झाली. एक फेरी ७२ किलोमीटरची आणि अशा अकरा फेऱ्या. एकेका फेरीत शेकडो वळणे. जिंकलेली गाडी होती पोर्शे ९११ कॅरेरा आरएसआर. हर्बर्ट म्युलर आणि खाइस व्हान लेनेप या दोघांनी ती आलटून पालटून जवळजवळ सात तास चालवली. वळण आले की ब्रेक, एक गिअर खाली, कधी दोन. वळण संपले की पुन्हा वर. सात तासांत हे किती हजार वेळा झाले असेल याचा अंदाज वाचकानेच करावा. आणि त्या प्रत्येक वेळी, दोन वेगवेगळ्या गतीने फिरणारे पोलादी भाग एकमेकांत अडकण्याच्या क्षणभर आधी, तळहातावर मावेल एवढ्या एका कापलेल्या कडीने ते भाग एका गतीला आणून ठेवले होते.

या कडीला सिंक्रोनायझर रिंग म्हणतात. गॅरेजमधले नाव सिंक्रो रिंग. आरएसआरमधला गिअरबॉक्स पोर्शेच्या ९१५ या जातीचा होता. तो १९७२ च्या मॉडेलपासून १९८६ पर्यंत ९११ गाड्यांत बसत राहिला. आज या गाड्या पन्नाशी ओलांडून पुन्हा शर्यतीत उतरतात. ले मां क्लासिकसारख्या जत्रा त्यांच्यासाठीच भरतात. अशा गाडीचा गिअरबॉक्स उघडून टेबलावर मांडला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात टिकाऊ रिंग कोणती?

प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. रिंग एकटी टिकत नाही आणि एकटी झिजतही नाही. तिच्यावर घासणारी स्लीव्ह, शेजारचे दात, भोवतीचे तेल, पुढचा क्लच आणि चालकाचा हात या सगळ्यांनी मिळून तिचे आयुष्य ठरते. महागडी रिंग बसवूनही दोन शर्यतींत पुन्हा खरखर सुरू झालेले गिअरबॉक्स मी पाहिले आहेत. त्यातले बहुतेक दोष रिंगचे नव्हते. म्हणून निवडीकडे जाण्याआधी ही कडी नेमके काय करते ते नीट पाहून घेऊ.

आजच्या बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा त्यातली एक जोडी शाफ्टला कुलूपबंद होते, एवढेच. कुलूप म्हणजे गिअरच्या कडेला असलेले छोटे टोकदार डॉग दात आणि त्यांवर सरकणारी स्लीव्ह. अडचण अशी की स्लीव्ह एका गतीने फिरत असते आणि गिअर दुसऱ्या. धावत्या बसमध्ये चढायचे तर आधी तिच्या बरोबरीने पळावे लागते. तशी या दोघांची गती आधी जुळावी लागते, नाहीतर दात दातावर आपटतात आणि ती ओळखीची खरखर ऐकू येते.

सिंक्रो नव्हता तेव्हा ही गती चालक स्वतः जुळवत असे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरचा हलका झटका, पुन्हा क्लच दाबून गिअर. जुन्या ट्रकचे आणि एसटीचे चालक हा डबल क्लच घाटात इतक्या सहज मारत की शेजारी बसलेल्याला कळतही नसे. प्रीमियर पद्मिनी चालवलेल्यांना आठवत असेल, तिच्या वरच्या तीन गिअरना सिंक्रो होता, पहिल्याला नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की गिअरबॉक्स तक्रार करायचा. मोटारीत सिंक्रो पहिल्यांदा आला तो १९२८ मध्ये, कॅडिलॅक गाड्यांत. अर्ल थॉम्प्सन या अमेरिकी अभियंत्याची ती कामगिरी.

पुढे दोन घराणी तयार झाली. एक बोर्ग-वॉर्नर पद्धतीचे. यात गिअरच्या कडेला गुळगुळीत शंकू असतो आणि त्यावर पितळेची किंवा काशाची रिंग बसते. स्लीव्ह रिंगला ढकलते, रिंग शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने गती जुळते. गती जुळेपर्यंत रिंगच्या बाहेरचे दात स्लीव्हची वाट अडवून धरतात. रिंगच्या आतल्या पृष्ठभागावर बारीक आटे कापलेले असतात. त्यांच्या धारा तेलाचा पापुद्रा कापतात. त्या धारा झिजून सपाट झाल्या की तेल मध्येच राहते आणि रिंग नुसती घसरते. मापाला ती अजून जाड दिसेल, पण कामातून गेलेली असते.

शंकूची गंमत त्याच्या कोनात आहे. हा कोन साधारण साडेसहा ते सात अंश असतो. साडेसहा अंशांना, दांड्याकडून आलेला दाब शंकूच्या पृष्ठभागावर सुमारे नऊ पट होऊन पडतो. कोन आणखी लहान केला तर दाब आणखी वाढेल, पण मग रिंग शंकूवर पाचरीसारखी अडकून बसेल आणि सुटणार नाही. नियम सोपा आहे: घर्षणाचा गुणांक कोनाच्या टॅन्जंटपेक्षा कमी राहिला पाहिजे. साडेसहा अंशांचा टॅन्जंट ०.११४. तेलातल्या पितळेचा गुणांक ०.१ च्या आसपास, म्हणजे जेमतेम जागा उरते. यातून एक इशारा निघतो, आणि तो पाळला न गेल्याने पैसे वाया जाताना दिसतात. पितळेसाठी घडवलेल्या शंकूवर जास्त पकड असलेल्या पदार्थाची, उदाहरणार्थ कार्बनचे अस्तर लावलेली, रिंग ‘सुधारणा’ म्हणून बसवली तर ती पकडेल छान, पण सोडणार नाही. पदार्थ बदलायचा तर शंकूचा कोनही त्याच्यासाठी तपासावा लागतो.

दुसरे घराणे पोर्शेचे, आणि आपली गोष्ट तिथली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्शेची मंडळी ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात काम करत होती. इटलीच्या चिझितालिया कंपनीसाठी त्यांनी टाइप ३६० ही ग्रां प्री गाडी आखली. तिच्या गिअरबॉक्समध्ये ही कडी होती. लिओपोल्ड श्मिड या अभियंत्याने तिचा विकास केला. १९५२ मध्ये ती पोर्शे ३५६ च्या चारही गिअरना मिळाली आणि मग परवान्याने अल्फा रोमिओ, फेरारी, बीएमडब्ल्यू अशा गाड्यांत पोचली. म्हणजे हिचा जन्मच शर्यतीच्या गाडीसाठी झाला होता.

तिची रचना पितळी रिंगपेक्षा अगदी वेगळी आहे. ही पोलादाची, एका ठिकाणी कापलेली कडी. बाहेरचा पृष्ठभाग किंचित फुगीर, आणि त्यावर मॉलिब्डेनमचा फवारलेला थर. कडी गिअरच्या कडेला बसते, एका सर्क्लिपने धरलेली. तिच्या पोटात पोलादी पट्ट्या आणि छोटे ठोकळे असतात. स्लीव्ह सरकून कडीच्या फुगवट्याला टेकली की घर्षणाने कडी थोडी ओढली जाते. तिचे कापलेले टोक ठोकळ्याला लागते, ठोकळा पट्टीला ढकलतो, पट्टी कडीला आतून बाहेर रेटते, कडी फुलते आणि स्लीव्हला आणखी घट्ट पकडते. म्हणजे घर्षण स्वतःच स्वतःला वाढवत नेते; जुन्या ड्रम ब्रेकमध्ये पुढचा शू जसा चाकाच्या फिरण्यानेच घट्ट होतो, तेच तत्त्व. गतीत फरक आहे तोवर फुललेली कडी स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. फरक संपला की ओढ संपते, कडी आक्रसते आणि स्लीव्ह तिच्यावरून सरकून डॉग दातांत जाऊन बसते.

या रचनेचे मर्म एका मापात आहे: बसवलेल्या अवस्थेतला कडीचा बाहेरचा व्यास. थर झिजला, व्यास कमी झाला, की स्लीव्ह कडीला उशिरा आणि हलकी टेकते. कडीला फुलायला पुरेशी ओढ मिळत नाही. गती जुळण्याआधीच स्लीव्ह वरून निसटते आणि दात भिडतात. या पद्धतीत बिघाड हळूहळू कळत नाही. आज ठीक, उद्या ठीक, आणि एक दिवस जोरात दांडा ओढला की खर्रकन आवाज. त्यानंतर प्रत्येक आवाजागणिक दातांची टोके गोल होत जातात आणि तो गिअर परत पूर्वीसारखा कधीच लागत नाही.

सिंक्रोबद्दल शर्यतीच्या जगात एक समज पक्का आहे: सिंक्रो घरगुती गाडीसाठी, शर्यतीला डॉग बॉक्स, म्हणजे नुसत्या डॉग दातांचा, सिंक्रो नसलेला गिअरबॉक्स. साठच्या दशकापासून ब्रिटिश शर्यतीच्या गाड्यांत ह्यूलँडचे सिंक्रोविरहित गिअरबॉक्स सर्वत्र दिसू लागले, ते हलके आणि झटपट होते, त्यामुळे हा समज रुजला. पोर्शेने मात्र आपली कडी सोडली नाही. १९७० आणि १९७१ मध्ये ले मां जिंकणाऱ्या ९१७ मध्ये सिंक्रो होता. ऐंशीच्या दशकातल्या ९५६ मध्येही होता. चोवीस तासांच्या शर्यतीत रात्री तीन वाजता थकलेला चालक चुकीच्या क्षणी दांडा ओढतो. गती जुळल्याशिवाय वाट न देणारी कडी तेव्हा गिअरबॉक्सचे रक्षण करते. दांडा अर्धा सेकंद उशिरा बसला तरी गाडी शेवटपर्यंत पोचते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत या हिशेबाला मोल आहे, आणि मला तो आजही पटतो.

आता टिकाऊपणाकडे. कडी झिजवते ती उष्णता, आणि उष्णता गतीतल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फरक दुप्पट, तर उष्णता चौपट. ९१५ च्या नेहमीच्या गिअरचे गुणोत्तर पाहा: पहिला ३.१८, दुसरा १.८३, तिसरा १.२६. इंजिन ७,००० फेऱ्यांवर असताना पहिल्यातून दुसऱ्यात गेलो तर क्लचकडून येणाऱ्या इनपुट शाफ्टला सुमारे ४,०३० फेऱ्यांवर यावे लागते; फरक जवळजवळ ३,०००. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना शाफ्ट ४,८२० वर येतो, फरक २,१८०. वर्गाचा हिशेब केला तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना कडीवर निघणारी उष्णता दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याच्या जवळजवळ १.९ पट भरते.

उलट्या दिशेने, म्हणजे तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना, फरक तोच २,१८० असतो, पण काम अवघड असते. वर जाताना तेलाचा आणि बेअरिंगचा विरोध शाफ्टला मंद करायला मदत करतो. खाली येताना तोच विरोध आडवा येतो. हे सगळे खाली येणे दुसऱ्या गिअरच्या कडीला सोसावे लागते, वर पहिल्यातून येणारा मोठा फरकही तिच्याच वाट्याला. म्हणून जवळजवळ प्रत्येक जुन्या शर्यतीच्या गाडीत पहिली तक्रार दुसऱ्या गिअरची असते. जुन्या अल्फा रोमिओचा दुसरा गिअर तर त्यासाठी जगभर ओळखला जातो, आणि त्यातही याच घराण्याची कडी आहे.

या हिशेबातून सगळ्यात स्वस्त उपाय मिळतो, आणि तो रिंगच्या दुकानात विकत मिळत नाही. खाली गिअर टाकताना ब्रेकवरचा पाय न काढता टाचेने अॅक्सिलरेटरला झटका देणे आणि डबल क्लच मारणे. झटक्याच्या क्षणी क्लच जोडलेला असेल तर इंजिन शाफ्टलाही वर ओढते. फरक निम्मा झाला तर कडीवरची उष्णता एक चतुर्थांश होते. बाजारातली कोणतीही रिंग आयुष्य चौपट करून देत नाही.

दुसरा उपाय गुणोत्तरांचा. गिअरबॉक्स उघडलाच आहे तर शर्यतीसाठी जवळजवळचे गिअर घालण्याचा विचार करावा. समजा दुसरा गिअर १.८३ ऐवजी १.६५ चा केला आणि तिसरा तोच ठेवला. मग ७,००० फेऱ्यांना दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक साधारण १,६५० वर येतो आणि उष्णता पूर्वीच्या सुमारे ५८ टक्के उरते. गुणोत्तर निवडताना लोक फक्त ट्रॅकवरच्या वेगाचा विचार करतात. सिंक्रोचे आयुष्यही त्याच कागदावर लिहिले जाते.

रिंग बदलण्याआधी क्लच तपासा, हे मी आग्रहाने सांगतो. सिंक्रोचे काम इनपुट शाफ्ट आणि क्लच प्लेट एवढाच भार हलवण्याचे आहे. क्लच पूर्ण सुटत नसेल तर कडीला अख्ख्या इंजिनाशी झुंजावे लागते, आणि ती लढाई ती हरणारच. त्या काळातल्या ९११ मध्ये क्लच केबलचा. केबल ताणली, जोडाचा बुश झिजला, की पेडल जमिनीला लागले तरी क्लच थोडा धरूनच राहतो. शाफ्टच्या टोकाचे पायलट बेअरिंग अडकले तरी हाच परिणाम. साधी परीक्षा आहे: गाडी उभी, इंजिन चालू, क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो. एवढे थांबूनही खरखर झाली, तर शाफ्ट फिरतोच आहे आणि दोष क्लचच्या बाजूला आहे. याच कारणासाठी शर्यतीच्या गाडीत हलकी क्लच प्लेट घालणे हा सिंक्रोवरचाही उपकार असतो.

आता टेबलावर मांडलेल्या भागांकडे वळू. कडी गिअरवर बसलेली असतानाच तिचा व्यास मोजावा, मायक्रोमीटरने, एकापेक्षा जास्त दिशांनी. सुटी काढलेली कडी स्वतःच्या ताणाने उघडते आणि माप खोटे सांगते. कंपनीच्या वर्कशॉप पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी ते माप जुळवावे. पुस्तिका त्या वर्षाची आणि त्याच गिअरबॉक्सची हवी. मग पृष्ठभाग पाहा. नव्या मॉलिब्डेनमचा रंग मळकट करडा आणि स्पर्श किंचित खरखरीत असतो. मधोमध चकचकीत पट्टा दिसला तर थर घासत आला आहे. त्या पट्ट्यात पोलादाची वेगळी झाक आली असेल तर थर संपला. ती कडी पुन्हा बसवू नये, माप मर्यादेत असले तरी.

त्यानंतर बघायचे ते डॉग दात आणि स्लीव्हच्या आतले दात. त्यांची टोके कौलारू छपरासारखी दोन्ही बाजूंनी उतरती आणि धारदार असतात. टोके गोल झाली असतील, एखाद्या बाजूला कपचा उडाला असेल, तर नवी कडी त्या जोडीत घालण्यात अर्थ नाही. कडीने गती जुळवून दिली तरी बोथट दात एकमेकांत शिरताना अडतील, चालक जोर लावेल आणि नवी कडी जुनी होईल. स्लीव्हचा जो भाग कडीवर घासतो तिथे खाच पडली आहे का, हेही बोटाने चाचपून पाहावे. दुसऱ्या गिअरपुरता माझा नियम कडक आहे: कडी बदलली की स्लीव्हही बदलायची, आणि दात गोल असतील तर डॉग दातांचा भागही. चौथ्या-पाचव्याला मापाप्रमाणे निर्णय घेता येतो.

निवडीचा प्रश्न इथे येतो. ९१५ साठी आणि त्याआधीच्या ९०१ साठी बाजारात तीन प्रकारचा माल दिसतो: मूळ घडणीच्या, मॉलिब्डेनम फवारलेल्या कड्या; स्वस्त नकला; आणि जुन्या गिअरबॉक्समधून काढलेल्या वापरलेल्या मूळ कड्या. माझे मत स्पष्ट आहे. शर्यतीसाठी पहिल्या प्रकाराला पर्याय नाही. नकलांमध्ये थर कुठे जाड कुठे पातळ असतो, कधी कडीचा ताण कमी असतो. ताण कमी म्हणजे ती स्लीव्हला नीट टेकत नाही, आणि गती जुळण्याआधीच स्लीव्ह निसटते. असा दोष डोळ्यांना दिसत नाही, गिअरबॉक्स बंद करून गाडीत चढवल्यावर कळतो. उरलेल्या दोन्हींतून निवडायची वेळ आलीच तर अज्ञात नव्या नकलेपेक्षा मापात असलेली, थर शाबूत असलेली वापरलेली मूळ कडी मी घेईन. ती पाचव्या गिअरला बसवावी, तिथे फरक लहान आणि काम कमी.

पोटातल्या पट्ट्या आणि ठोकळे स्वस्त असतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. पण कडी फुलते ती त्यांच्याच जोरावर. पट्टीचे टोक ठेचले गेले किंवा ठोकळ्याची कड झिजली की ओढ कडीपर्यंत पोचत नाही. ते प्रत्येक वेळी नवे घालावेत. उघडताना प्रत्येक गिअरचे भाग वेगळ्या पिशवीत, नावानिशी ठेवावेत आणि जुळणीआधी फोटो काढावेत. पहिल्या गिअरची आतली मांडणी बाकीच्यांपेक्षा वेगळी असते, आणि सारख्या दिसणाऱ्या पट्ट्या अदलाबदल झाल्या तर तो गिअर एकाच दिशेने नीट लागेल, दुसरीकडे अडेल.

तेलाचा विषय लोक शेवटी आणि घाईत उरकतात. ९१५ मध्ये गिअर आणि डिफरन्शियल एकाच घरात, एकाच तेलात राहतात. क्राउन आणि पिनियनला भारी दाब सोसणारे, गंधक-फॉस्फरसची भर घातलेले तेल हवे. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलच्या प्लेटांना निसरडेपणा आणणारा घटक हवा, नाहीतर त्या वळणावर कुरकुरतात. आणि सिंक्रोला नेमके उलटे हवे असते: पकड. एका डब्यातून तिघांच्या तीन मागण्या पुरवायच्या आहेत. यात सिंक्रो नेहमी गप्प बसून सोसतो, म्हणून त्याची बाजू आपण घ्यायला हवी. डिफरन्शियलसाठी निसरडा घटक आधीच मिसळलेले तेल या गिअरबॉक्समध्ये ओतू नये. गरज असेल तर तो घटक वेगळा, थोडा थोडा घालून प्लेटा शांत होतील तिथे थांबावे.

पितळी रिंगच्या गिअरबॉक्सला आणखी एक काळजी असते. जीएल-५ दर्जाच्या तेलात दाब सोसणारी भर जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते, आणि त्यातल्या काही घटकांना, विशेषतः तेल तापल्यावर, पितळेचे आणि तांब्याचे वावडे असते. जुन्या पितळी सिंक्रोच्या गाडीत, मग ती आपल्याकडची पद्मिनी का असेना, जीएल-४ च घालावे. पोर्शेच्या पोलादी कडीला हा धोका नाही, पण निसरडेपणाचा आहेच. झडलेल्या कणांवरूनही दोन घराण्यांचे निदान वेगळे होते. पोलादी कडीचा चुरा ड्रेन प्लगच्या चुंबकाला करडा लेप होऊन चिकटतो. पितळ चुंबकाला चिकटत नाही. ते तेलात सोनेरी भुकटी होऊन चमकते. तेल काढताना ते पांढऱ्या भांड्यात काढून उन्हात पाहायची सवय लावून घ्यावी.

काही मालक विचारतात, हा सगळा व्याप टाळून सरळ डॉग बॉक्स का घालू नये? गाडी कुठल्या शर्यतीत धावणार यावर उत्तर अवलंबून आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती एफआयएच्या परिशिष्ट ‘के’ नुसार चालतात. गाडी तिच्या काळात ज्या रूपात धावली त्याच रूपात असावी, हा त्या नियमांचा गाभा, आणि गाडीच्या तांत्रिक पासपोर्टात तो तपशील नोंदलेला असतो. त्या काळात त्या गाडीला सिंक्रोच असेल तर डॉग बॉक्स घालून पासपोर्ट धोक्यात घालण्यात शहाणपण नाही. नियम आडवे येत नसतील तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी: डॉग दातही झिजतात, आणि अर्धवट, भीत भीत टाकलेला गिअर त्यांना सगळ्यात लवकर मारतो. आठवड्यात रस्त्यावर आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला सिंक्रोच शोभतो. पूर्ण शर्यतीची, दर हंगामात उघडली जाणारी गाडी असेल, तर विचार वेगळा.

नवी कडी बसवल्यावर लगेच शर्यतीत उतरू नये. थराचा खरखरीतपणा आणि स्लीव्हचा पृष्ठभाग एकमेकांशी जमून यायला थोडा शांत प्रवास लागतो. पहिले काही शे किलोमीटर गिअर सावकाश, एका मापाच्या दाबाने टाकावेत. तेल गरम होईपर्यंत दुसऱ्या गिअरवर जोर करू नये. मग तेल बदलून चुंबक पाहावा. थोडा करडा लेप ठीक. कणी किंवा चकती हाताला लागली तर गाडी पुढे नेऊ नका.

१९८७ मध्ये पोर्शेने ९११ ला जी-५० नावाचा नवा गिअरबॉक्स दिला आणि त्यात बोर्ग-वॉर्नर पद्धतीचे सिंक्रो आले. कापलेल्या कडीचा ९११ मधला काळ तिथे संपला. आज तिची मागणी फक्त जुन्या गाड्यांपुरती उरली आहे. तुमच्याकडे असा गिअरबॉक्स असेल तर दोन कामे आत्ताच करून ठेवा. काढलेली कोणतीही मूळ कडी मोजल्याशिवाय भंगारात देऊ नका, आणि चांगल्या मूळ कड्या हाती लागल्या तर दुसऱ्या गिअरची एक जास्त घेऊन ठेवा. बाकी कोणत्याही गिअरआधी तीच लागणार आहे.